मेंढीला दिलेला गूळ

हिंगोलीकडच्या साखरा गावच्या मसाजीला गुळाचं भारी वेड. लग्न होऊन आली त्या वर्षापासून त्याची बायको सत्यभामाबाई गुळाचा डबा लपवत आलेली. कधी ज्वारीच्या कणगीत, कधी गोधड्यांच्या थप्पीत. गडी दिवसभर मेंढरामागं रान तुडवून यायचा, बरोबर डबा हुडकून काढायचा आणि वर तिलाच विचारायचा, गुळाला मुंग्या लागल्या का गं? ती करवादायची आणि हसायचीही. तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखंच होतं.

मग मसाजी वाळायला लागला. खायचा दोन माणसांचं, पाणी घटाघटा प्यायचा, पण अंगाला म्हणून काही लागेना. गोरेगावच्या डॉक्टरनं रक्त तपासून शुगर सांगितली. काही वर्षं गोळ्यांवर निघाली, पुढं गोळ्या पुरेनात आणि इन्सुलिनची सुई आली. घरात फ्रिज कुठला! सत्यभामाबाईनं मडक्यात ओली वाळू भरली, तिच्यात वाटी रोवली आणि औषधाची बाटली त्या वाटीत ठेवली. रोज सकाळी मसाजी स्वतःच्या हातानं पोटाला टोचून घ्यायचा आणि मेंढरं सोडायचा.

सुई सुरू झाली त्या दिवशी ती दवाखान्यात सोबत होती. ‘गोड बंद’ एवढं तिनं नीट ऐकलं. डॉक्टर पुढं बोलतच होते, तोवर ती औषध आणायला उठली, आणि परत आली तेव्हा बोलणं संपलं होतं. जीपमध्ये तिनं विचारलं, तर मसाजी म्हणाला, सुई घेतली की लगेच जेवायचं म्हणले. घाम सुटला, हातपाय कापायला लागले तर आधी गूळ नाहीतर साखर तोंडात टाकायची, हे त्यानं सांगितलंच नाही. कोण जाणे, सांगून ती विश्वास ठेवणार नाही असं त्याला वाटलं असेल. आणि खरं बोलायचं तर तिनं ठेवलाही नसता. गुळासाठी तो काय काय सोंगं करायचा, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

आता सुई घेतली की जेवायचं हे बोलायला सोपं. मसाजीच्या घरात बापाच्या वेळेपासूनची रीत होती, मेंढरं पाण्यावर जाऊन आल्याबिगर भाकर सोडायची नाही. मुकं जनावर तहानलेलं असताना आपण घास घेतला तर मेंढरांच्या वाड्याला बरकत राहत नाही म्हणे. मसाजी देवाला एकवेळ चुकेल, पण या रीतीला कधी चुकला नाही. डॉक्टरपुढं मान हलवायची आणि करायचं ते बापानं सांगितलेलं. ओढ्याला पाणी होतं तोवर निभलं, मेंढरं लवकर पाण्यावर जायची आणि भाकर वेळेत सुटायची.

त्या उन्हाळ्यात ओढा आटला. पाणी राहिलं ते लांब, पार डोंगरापल्याड, पाझर तलावात. एक मेंढी नुकतीच जुळं व्यालेली, अशक्त झालेली, म्हणून कोकरं उचलायला सत्यभामाबाई त्या दिवशी सोबत निघाली. मेंढी वाटेत बसलीच तर असावा म्हणून तिनं पदराच्या टोकाला गूळ बांधून घेतला.

आणि मेंढी बसलीच. ऊन डोक्यावर आलेलं, तलाव अजून दिसत नव्हता. सत्यभामाबाईनं गूळ पाण्यात कालवून तिच्या तोंडात सोडला, थोडा वेळ मान मांडीवर घेऊन बसली. मेंढी उठली, कोकरांना हुंगायला लागली. बाईला हायसं वाटलं. वळून बघते तर मसाजी पळसाखाली बसलेला. सदरा घामानं चिंब, हात थरथरत होते.

“सत्यभामे, गूळ दे,” तो म्हणाला.

तिला रागच आला. “मेंढीचा गूळ बी सोडत न्हाई का तुमी? शुगर हाय तुमाला. तुमच्याच जिवासाठी न्हाई म्हणून राहिले मी.”

त्यानं पदराकडं हात केला. तिनं गाठ आणखी आवळली आणि पाठ फिरवली. पुन्हा त्यानं मागितला तेव्हा त्याची जीभ जड झाली होती. मग मात्र ती घाबरली, आणि तिला वाटलं, झालं, शुगर वाढली! तिनं पाणी पाजलं, पदरानं वारा घातला. ज्या पदरानं वारा घालत होती, त्याच पदराच्या टोकाला उरलेला गूळ होता.

शेजारच्या माळावर गावातलाच संतराम शेळ्या चारत होता. तो धावला, सडकेवरून जीप आणली. गोरेगावला पोचेस्तोवर मसाजीची दातखीळ बसली होती. डॉक्टरनं शिरेतून साखर दिली आणि लगोलग हिंगोलीला धाडलं. जीव वाचला. पण डोळे उघडले तेव्हा त्यानं सत्यभामाबाईकडं पाहिलं आणि ओळख न देता नजर पुढं गेली.

पुढं गोरेगावच्या डॉक्टरनं तिला समोर बसवून सगळं समजावलं. शरीरातल्या पेशींना जणू दारं असतात म्हणाले. रक्तातून साखर येते, पण स्नायूंची दारं इन्सुलिन आल्याशिवाय नीट उघडत नाहीत. मसाजीचं इन्सुलिन पुरेनासं झालं, म्हणून साखर रक्तात साचायची आणि अंग उपाशी राहायचं. ती दारं सुईनं उघडायची. पण माणूस चालायला लागला की मांड्या-पोटऱ्यांची दारं चालण्यानंही उघडतात, त्यांना इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही. त्या दिवशी सुईही होती आणि डोंगराची चालही होती, पोटात मात्र भाकर नव्हती. रक्तातली साखर आत ओढली गेली. मेंदूचं दार कायम उघडंच असतं, पण त्याला द्यायला रक्तात साखर उरली नव्हती.

“मी तवा खडा देला असता तर?” तिनं विचारलं.

डॉक्टर टेबलावरची पेनं सारखी करत बसले. मग म्हणाले, पुन्हा घाम आला तर आधी साखर द्यायची, मग बाकीचं. तिला तिचं उत्तर मिळालं.

मेंढरं आता मुलगा शिवहार राखतो. कळपातल्या एकेका मेंढीला तोंडावरून ओळखणारा मसाजी ओट्यावर बसून असतो, मेंढरं समोरून गेली तरी बघत नाही. ती रीत सत्यभामाबाईनं चुलीत घातली. सुई दिली की ताट पुढं. पण गुळाचा डबा आता उघड्यावर, चुलीशेजारी असतो, आणि एवढ्या वर्षांत त्याला कुणी हात लावलेला नाही. ती रोज झाकण उघडून बघते. एकदा तरी त्यातला खडा चोरीला जावा, याहून जास्त तिचं देवाकडं मागणं नाही.

परवा दुपारी त्याच्या कपाळावर घाम दिसला. ती हातातलं टाकून धावली, गुळाचा खडा त्याच्या तळहातावर ठेवला, खा म्हणाली. त्यानं खाल्ला. थोड्या वेळानं घाम थांबला, तोंडावर तरतरी आली. हातात तुकडा उरला होता, तो त्यानं तिच्यापुढं धरला.

“घ्या बाई,” तो म्हणाला, “तुमी बी उपाशी दिसता.”

उभ्या संसारात त्यानं तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं. तिनं दोन्ही हात पुढं करून तो तुकडा घेतला आणि तिथंच, त्याच्याजवळ बसून खाल्ला.