न पाहिलेली जाळरेषा

मी शेणव्याच्या शाळेत शिकवते. डोंगर राखणाऱ्या आमच्या स्वयंसेवी मंडळात मी शपथ घेतली तेव्हा बारा जणांत मी एकटीच बाई होते. टोकावड्याच्या वरच्या अंगाला शेंदूर लावलेला एक दगड आहे, त्याच्यासमोर हात पुढे करून आम्ही म्हटलं होतं, की इथलं झाड, पाणी, जनावर राखू आणि जे डोळ्यांनी पाहू तेच सांगू. हे शेवटचं आमच्या प्रमुखांनी मुद्दाम घातलेलं. ते धरणावरच्या नोकरीतून निवृत्त होऊन भातसानगरलाच राहिलेले, शिस्तीचे गृहस्थ. मला बिल्ला मिळाला, तो मी घरी आल्यावर आरशासमोर लावून पाहिला होता. हे लिहायला लाज वाटते, पण पाहिला होता.

आमचं मोठं काम उन्हाळ्याच्या तोंडाशी. डोंगराच्या पायथ्याशी, रस्त्याच्या बाजूने, गवत कापून आणि पालापाचोळा झाडून दहा पावलं रुंद मोकळी पट्टी काढायची. तिला जाळरेषा म्हणतात. रस्त्यावरून कुणी पेटती विडी टाकली तर आग त्या पट्टीपाशी येऊन थांबते. गवत कापायचे वाडीवरचे लोक. त्यांच्यामागून चालत जाऊन काम पुरं झालंय का ते पाहायचं आणि वहीत लिहायचं, हे आमच्याकडे.

त्या वर्षी ओढ्यापासून खिंडीपर्यंतचा तुकडा माझ्याकडे होता. शनिवारी सकाळची शाळा करून मी स्कूटीवरून पोचले तेव्हा दीड वाजला होता. ऊन असह्य होतं. ओढ्यापासून पहिल्या वळणापर्यंत गेले, पट्टी स्वच्छ होती. वळणापुढे चढ होता. मी खाली येऊन धाब्यावर चहा घेतला, तिथूनच मान वर करून पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'ओढा ते खिंड, पूर्ण पाहिली.' खाली सही केली. वळणापुढे गवत तसंच उभं होतं. कापणारे लोक हळदीच्या जेवणाला लवकर गेले होते आणि सोमवारी येऊन उरलेलं काढणार होते. हे मला मागून कळलं.

रविवारी दुपारी वणवा लागला. आम्ही सगळे धावलो, ओल्या फांद्यांनी झोडपून झोडपून संध्याकाळपर्यंत विझवला. तोवर कारवीचा अख्खा उतार काळा झाला होता. वळणापुढे मी पोचले तेव्हा पायाखाली राख होती आणि ती थेट रस्त्यापर्यंत गेलेली होती. मला तिथेच सगळं समजलं. मी कुणाला काही बोलले नाही. माझ्या मागून आलेल्या माणसांनी त्या राखेत पावलं उमटवली, आता तिथे गवत होतं की नव्हतं ते ओळखू येणार नव्हतं, आणि मला बरं वाटलं.

पुढचं सगळं माझ्या त्या एका ओळीतून घडलं. प्रमुखांनी वही उघडून सांगितलं, जाळरेषा पूर्ण होती, म्हणजे आग रस्त्यावरून आलेली नाही, वरूनच लागली. वळणापुढचं राहिलं होतं असं कापणारे सांगत होते, पण वहीतल्या सहीपुढे त्यांचं कुणी ऐकलं नाही. मग वर कोण होतं? वर मधाचे बाबा होते.

बाबा वाडीतले, सत्तरीच्या पुढचे. कड्यावरच्या पोळ्यांना धूर देऊन मध काढायचे. वनखात्याची त्यांना परवानगी होती. पोळ्याचा एक भाग ते नेहमी माशांसाठी ठेवत. हा डोंगर मला त्यांनीच ओळखीचा करून दिला होता. कुठल्या झऱ्याला वैशाखातही पाणी असतं, शेकरू घरटं कुठे बांधतं, सगळं. त्या रविवारी ते धुराची चूड घेऊन चढताना दोघांनी पाहिलं होतं. आग आपण लावली नाही, असं बाबांनी सांगितलं. त्यांना चौकीवर दोन दिवस बसवून ठेवलं. मंडळाने खात्याला त्यांच्याविरुद्ध पत्र दिलं, त्यावर बारा सह्या झाल्या. सातवी माझी. त्यांची परवानगी थांबली.

पावसाळाभर मी स्वतःला समजावत राहिले. खटला तर झाला नाही. वय झालंय, तसंही आता चढवत नसेल. वर्गात मुलांना खरं बोलण्याबद्दल काही सांगायची वेळ आली की मी धडा पुढे सरकवायची.

भाताची कापणी सुरू झाली तेव्हा बाबांची सून मला टोकावड्याच्या बाजारात भेटली. मी विचारलं, बाबा कसे आहेत. ती म्हणाली, बाहेर बसत नाहीत, वाडीच्या बैठकीलाही जात नाहीत. एवढंच सांगून ती भाजी निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी प्रमुखांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, झालं ते झालं, आता बोलून मंडळाचं नाव जाईल, पुढच्या वर्षी काळजी घ्या. मी घरी येऊन खात्याला स्वतःच्या नावाने पत्र लिहिलं, आणि रविवारी वाडीवर गेले.

बाबा पडवीत दोरी वळत होते. मी खाली बसले आणि सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"मी नाय लावला, त्ये मला ठावं हाय," ते म्हणाले. "तुमी मला कशाला सांगता, बाई? माझीच मानसं मला इचारत व्हती, खरंच नाय ना लावला म्हनून. त्यांना सांगा."

सुनेने जाऊन लोकांना बोलावलं. कापणीचे दिवस, तरी पंधरा-वीस जण समाजमंदिराच्या ओट्यापाशी आले. मी उभी राहिले. वहीत काय लिहिलं, पत्रावर सही कशी केली, सगळं सांगितलं. मधेच एकदा ऊन फार होतं असं म्हणाले आणि लगेच वाटलं, हे कुणाला सांगतेय मी. ही माणसं त्या उन्हात गवत कापत होती.

बोलणं संपल्यावर कुणी ओरडलं नाही. मागे उभ्या असलेल्या एका बाईने विचारलं, "मग इतके दिस कुठं व्हता तुमी?"

मी म्हटलं, "घाबरले होते."

"त्यो बी घाबरला व्हता," ती म्हणाली, आणि विळा घेऊन शेताकडे गेली. बाकीचेही हळूहळू गेले.

खात्याने चौकशी करून दिवाळीनंतर परवानगी परत दिली. मंडळाने माझं नाव कमी केलं. बाबा आता वाडीच्या बैठकीला बसतात, असं सून सांगते. कड्यावर मात्र गेले नाहीत. गुडघे धरतात, म्हणतात. मध्यंतरी ते मला रस्त्यात भेटले, एसटीची वाट पाहत उभे होते. मी हात जोडले. त्यांनी मान हलवली, आणि गाडी कितीला आहे ते मला विचारलं. मी सांगितलं. गाडी येईपर्यंत आम्ही दोघं शेजारी उभे होतो.