नकाशातला नाला

माझं दुकान गडचिरोलीत, बसस्थानकाजवळ. टायपिंग, प्रिंट, स्कॅन, फोटो. त्या दिवशी सकाळी धानोऱ्याकडच्या एका गावचे एक वयस्कर भाऊ आले. गावकऱ्यांनी स्वतः फिरून, मोठ्या कागदावर काढलेला आपल्या जंगलाचा नकाशा त्यांनी नागपूरहून स्कॅन करून आणला होता. घड्यांच्या रेघा आणि मधला डाग पुसून मोठा प्रिंट हवा होता. वनहक्काच्या दाव्याला जोडायचा होता.

फाइल एवढी मोठी होती, की उघडतानाच कॉम्प्युटर अडकला. भाऊ स्टूल ओढून माझ्या खांद्याशी बसले. चित्र दुरुस्त करायचं हे सॉफ्टवेअर कुठल्या कंपनीचं, किती पैसे पडले, असं त्यांनी विचारलं. फुकटचं आहे, मी म्हणाले.

"फुकट कोन देते बाई? आन् कायले?"

जगभरची माणसं मिळून बनवतात, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. खरं तर मलाही ते कधी नीट पटलं नव्हतं.

दुपारपर्यंत रेघा पुसल्या. सेव्ह करताना पडद्यावर सूचनेची एक पाटी आली, तिच्यावर न वाचता क्लिक केलं. तशा पाट्या मी रोजच बंद करते. मग तयार फाइल उघडून दाखवली, तर नकाशाचा खालचा पट्टा नुसता करडा.

भाऊ उभे राहिले. "आमचा नाला कुठी गेला? बांबूचं रान कुठी गेलं?"

तो पट्टा शेजारच्या गावाशी वादाचा होता, हे मला तेव्हा कळलं. आणि त्या गावचा एक माणूस आठवड्यापूर्वी माझ्या दुकानात बसलेला त्यांनी पाहिला होता. तो जातीचा दाखला काढायला आला होता. मी तसं सांगितलं, पण ऐकताना ते माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे पाहत होते.

राग आला. पण त्याहून वाईट म्हणजे माझाच माझ्यावर विश्वास उरला नाही. पुसता पुसता मीच तर काही उडवलं नसेल? की त्या फुकटच्या सॉफ्टवेअरनं खाल्लं? मी त्यांचा पेनड्राइव्ह पुन्हा लावला. मूळ स्कॅनमध्ये नाला होता, बांबू होता.

"म्हन्जे तुमच्या मशीनीतच गेला," ते म्हणाले. ते मात्र खरं होतं.

मी पुन्हा सेव्ह केलं आणि या वेळी पाटी वाचली. डिस्कवर जागा संपली, असं लिहिलं होतं. एवढं मोठं चित्र उघडलं की सॉफ्टवेअर कामापुरते तुकडे डिस्कवर ठेवत जातं. त्या तुकड्यांनीच जागा भरली होती आणि फाइल अर्धवट लिहिली गेली होती. चूक माझी होती. पाटी आली होती, मी वाचली नव्हती, हे मी त्यांना सांगितलं. ते परत स्टुलावर बसले.

सेटिंगमध्ये जाऊन मी तात्पुरत्या फाइलींची जागा दुसऱ्या ड्राइव्हवर नेली, जुने लग्नांचे फोटो काढून टाकले. मग नकाशाचे चार तुकडे करून एकेक साफ केला. प्रत्येक तुकडा झाला की भाऊ पडद्यावर बोट फिरवत, तोंडातल्या तोंडात गोंडीत ठिकाणांची नावं घेत. एक नाव त्यांनी दोनदा घेतलं. मी डागासोबत एक छोटी पायवाट पुसली होती. ती परत आणली.

प्रिंट निघाला तेव्हा शेवटची बस लागली होती. नकाशा गुंडाळून ते दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"तुमच्या मशीनीतून मिटवून द्या. माह्यासमोर."

मी सगळं मिटवलं, कचरापेटीही रिकामी करून दाखवली. मनाला लागलं. पण त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं.

महिन्याभरानं दुसऱ्या गावची दोन माणसं नकाशा घेऊन आली. भाऊंनीच पाठवलं होतं. काम चांगलं करते, पण जवळ बसून पाहा, असं सांगून.

मी स्टूल पुढे सरकवलं.