अप्पांची खरी वेळ

वीरभद्रअप्पा एकाच लग्नाच्या चार वेगवेगळ्या वेळा सांगत आणि त्यांतली एकही खरी नसे. मुहूर्त साडेबाराचा असला की फोटोवाल्याला सांगायचं साडेअकरा, बँडवाल्याला अकरा, नवरदेवाकडच्यांना साडेदहा आणि नवरीच्या मामाला दहा. ज्याची जेवढी उशिरा यायची सवय, तेवढी त्याची वेळ अलीकडे. लातूरजवळच्या मुरुडला मांडवाचं सामान भाड्याने देता देता ते अख्खी लग्नंच अंगावर घेऊ लागले होते, आणि तीस वर्षांत त्यांच्या हातचा मुहूर्त कधी टळला नव्हता. आमच्या मराठवाड्यात ही साधी गोष्ट नाही.

माझी त्यांची गाठ पडली ती नांदेडला. कार्यक्रम-व्यवस्थापनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम मी शिकवतो. वर्गात सगळी विशी-पंचविशीतली मुलं आणि पहिल्या बाकावर कपाळाला विभूती लावलेले छप्पन्न वर्षांचे अप्पा. दर रविवारी चार तास एसटीत बसून यायचे. या वयात हे कशाला, असं मी विचारलं.

"लातुरात आता कुणीबी पहिलं प्रमाणपत्र विचारायलंय, सर. ज्याच्याकडं हाय, त्याच्या हाताखाली म्या मांडव टाकायलो. मांडव माजा, मान्सं माजी, अन् पाटीवर नाव दुसऱ्याचं."

परीक्षेत एका लग्नाचा वेळेचा तक्ता करायचा होता. अप्पांनी झकास तक्ता केला. फक्त सवयीने त्यात त्या चारही वेळा लिहून टाकल्या. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक होते. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "यातली खरी वेळ कोणती?"

"खरी येळ माज्या डोक्यात हाय, साहेब. ती सांगितली तर लगीन दुसऱ्या दिशी लागंल."

मुलं हसली. परीक्षकांना हसू आलं नाही. अप्पा नापास झाले.

नंतर चहा पिताना मी म्हटलं, "अप्पा, ऐन लग्नाच्या दिवशी तुम्ही आजारी पडलात, तर तुमच्या डोक्यातली वेळ कोणाला कळणार?" त्यांनी कप खाली ठेवला. "हे खरं हाय," एवढंच म्हणाले आणि उठून बसस्टँडकडे गेले.

सहा महिन्यांनी ते पुन्हा परीक्षेला बसले आणि पास झाले. प्रमाणपत्र चौकटीत घालून मुरुडच्या गोदामात गाद्यांच्या थप्पीच्या वर टांगलं, आणि त्याच्या जोरावर लातूरच्या एका शिकवणीवर्गाचा गुणगौरव समारंभ स्वतःच्या नावावर मिळवला. पाटीवर पहिल्यांदा त्यांचं नाव लागलं. मी मुद्दाम गेलो होतो.

सगळ्यांना त्यांनी एकच वेळ कळवली होती, दहा. खरी. दहाला सभागृहात पाहुणे, पालक, मुलं, सगळी हजर होती. माईकवाला, हारवाला, बँडवाला, कोणाचाच पत्ता नाही. साडेअकराला एकेक जण आरामात उगवला. बँडवाले सत्तारभाई, अप्पांचे वीस वर्षांचे सोबती, त्यांना उलट नवलच वाटलं. "अप्पा, तुमचे दहा म्हणजे आमचे साडेअकरा. आजवर असंच चालत आलंय ना?"

शिकवणीवर्गाच्या संचालकांनी चारचौघांत अप्पांना नको नको ते ऐकवलं. अप्पांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मला वाटलं, आता गडी पुन्हा जुन्या वाटेला लागणार. मी तसं बोलूनही दाखवलं.

"न्हाई सर. आता माघारी फिरलो तर तो कागदबी खोटा अन् मीबी खोटा. मान्सं मीच बिघडवली, मीच सुधरवतो."

मग ते प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगू लागले, "आजपासून माजी येळ खरी." कोणी लगेच विश्वास ठेवला नाही. दोन लग्नांत मुहूर्त टळले, एक जुनं गिऱ्हाईक कायमचं तुटलं. हट्टीपणाच होता तो, दुसरा शब्द नाही. पण तिसऱ्या वर्षी त्याच संचालकांनी स्वतः फोन करून समारंभ पुन्हा अप्पांना दिला, आणि त्या दिवशी पावणेदहाला बँड दारात उभा होता.

गेल्या हिवाळ्यात अप्पा गेले. झोपेतच गेले. सकाळी त्यांच्या मुलीचा निरोप आला, "माती दुपारी चार वाजता." मला फार वाईट वाटलं. मी लगेच आवरलं, पण मनात म्हटलं, चार म्हणजे साडेपाच तरी होतील. आमच्याकडे कुठला अंत्यविधी वेळेवर होतो? वाटेत अहमदपूरला चहासुद्धा घेतला.

मुरुडला पोचलो तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती. अप्पांना माती देऊन माणसं शेतातून परतत होती. मांडववाले, आचारी, हारवाले, सगळे. सत्तारभाई नळावर हातपाय धूत होते. मला बघून ते उभे राहिले.

"सर, उशीर केलात. चारची माती होती."

"मला वाटलं..." म्हणालो आणि शेताच्या वाटेला लागलो. वेळेचा तक्ता करायला अप्पांना मीच शिकवलं होतं.