डेकवरची होळी

आमच्या टॉवरच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगवरच्या गच्चीवर, लाकडी फळ्यांचा एक डेक आहे आणि त्याची मला पहिल्या दिवसापासून शिसारी आहे. फळ्यांमध्ये बोटभर फटी. वेफर्सचे तुकडे, सिगारेटची थोटकं, आइस्क्रीमच्या काड्या, कुणाच्या तरी लाडक्या कुत्र्याचे केस, सगळं त्या फटींतून खाली जातं आणि खालीच राहतं. पावसाळ्यात तिथून ओल्या मोज्यांसारखा वास येतो. पण बिल्डरच्या माहितीपत्रकात डेक होता, म्हणून तो आम्हाला मिळाला, आणि मिळाला म्हणून त्याचं कौतुक करायचं. मुलुंडला फोटो काढायला याहून बरी जागा नाही, असं सगळे म्हणतात.

फटी साफ करायचं काम हाउसकीपिंगच्या बाईकडे होतं. चाळिशीची, मराठवाड्यातली, कामाला चोख. खराट्याची काडी आणि जुना टूथब्रश घेऊन ती गुडघ्यांवर बसायची. एकदा मी तिथे उभी होते तेव्हा म्हणाली, "वरचं मी काढते मॅडम, खालचं कोण काढणार? एक फळी उचलून द्या म्हणलं, तर कुणी देईना." मी हळहळले आणि घरी गेले.

आमची जुनी बिल्डिंग चार मजल्यांची होती. तिच्यामागे मातीचं अंगण होतं, आणि दरवर्षी तिथे होळीसाठी हातभर खड्डा खणायचे. होळी पेटायची, रात्रभर धुमसायची, सकाळी बायका दूध-पाणी शिंपडून ती शांत करायच्या. त्याआधी तिच्यावर पाणी घालायचं कुणाच्या मनातही येत नसे. गरजही नव्हती, मातीत जळणार काय? रिडेव्हलपमेंटनंतर साऱ्या आवारात माती उरली ती कुंड्यांमध्ये. खाली तीन मजले गाड्या, त्यांच्यावर पोडियम, पोडियमवर डेक.

बिल्डरने डेकबरोबर एक फायर पिट दिला होता. म्हणजे तीन पायांचं एक मोठं लोखंडी घमेलंच. थंडीत भोवती बसून शेकायला म्हणे. मुंबईतल्या थंडीत शेकणारे हे लोक एसी लावून दुलई घेतात. दोन वर्षं ते घमेलं तसंच पडून होतं, आणि मग सेक्रेटरींना सुचलं की होळी त्यातच करावी. सेक्रेटरी कोकणातले, वडील गिरणीत होते, स्वतः कुठल्याशा कंपनीत साहेब. वाईट माणूस नाही. पण आपल्याला सुचलेल्या गोष्टीत काही खोट असू शकते हे त्यांना कधी सुचत नाही.

मी निवृत्त शिक्षिका, त्यामुळे भाषांतराचं काही निघालं की ते माझ्याच गळ्यात पडतं. घमेल्याबरोबरची पुस्तिका मी मराठीत केली. लाकडावर ठेवायचं तर खाली विटा आणि त्यांवर फरशी हवी. लाकडं बारीक आणि सुकी, काठाच्या आत राहतील एवढीच. वर जाळी. शेजारी वाळू आणि पाण्याची बादली. आग सोडून कुणी उठू नये, आणि उठायचं तर ती पुरती विझवून. इतकं सोपं की चौथीतलं पोर पाठ करेल.

नोटीस लागली तेव्हा त्यात पाण्याची बादली नव्हती आणि विझवण्याचं वाक्यही नव्हतं. मी विचारायला गेले. सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, होळी विझवा असं नोटिशीत लिहिलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

मी "बरं" म्हणाले. छत्तीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल रेघा मारल्या, आणि इथे "बरं".

होळीच्या दोन दिवस आधी डेक छान दिसावा म्हणून त्याला तेलाचं पॉलिश केलं. हे मी रचून सांगत नाही.

संध्याकाळी सात वाजता होळी पेटली. घमेल्याखाली फरशी नव्हती; फळ्यांचे डाग झाकायला एक शोभेची चटई होती, ती तेवढी काढली. लाकडं काठाबाहेर हातभर आलेली. नारळ आत पडत नाहीत म्हणून जाळीही काढून ठेवली. प्रत्येक मजल्याने आपापला नारळ आणला होता. त्यातला एक फुटला आणि निखारे फळ्यांवर उडाले, तेव्हा लोकांनी ते चपलांनी चिरडले आणि हसले. बोंबा मारून झाल्या, फोटो झाले, आणि आठाच्या सुमाराला सगळे पुरणपोळी खायला क्लबहाउसमध्ये गेले. आगीपाशी कुणी थांबलं नाही. थांबायचं वाक्य मी लिहिलं होतं आणि ते नोटिशीत होतंसुद्धा.

तेल, चपलांचं रबर आणि करपलेलं खोबरं यांचा वास नाकात बसला होता. जेवण जाणार नव्हतं, म्हणून मी कठड्यापाशी उभी राहिले. फटी साफ करणारी ती बाई प्रसादाचे उष्टे द्रोण गोळा करत होती. तीच आधी थांबली.

"मॅडम, धूर खालनं येतोय."

घमेल्यापासून चार फुटांवर, दोन फळ्यांमधल्या फटीतून धुराची बारीक रेघ येत होती. मी फळीवर हात ठेवला आणि लगेच उचलला. खाली काय साठलंय हे साऱ्या सोसायटीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दोन वर्षांचा सुका कचरा, त्यावर ठिबकलेलं पॉलिश, आणि त्याच्याखाली सगळ्यांच्या गाड्या. सेक्रेटरींना बोलवावं हे मला सुचलं होतं. पण ते येणार, बघणार, आणि होळी विझवायची की नाही यावर कमिटी बसणार.

मी म्हणाले, "ओत पाणी. मी आहे."

तिने कुंड्यांचा पाइप ओढला. आधी फटीत पाणी सोडलं, बराच वेळ सोडलं, आणि मग घमेल्यात. केवढी तरी वाफ उठली. काळा चिखल काठावरून डेकभर पसरला आणि त्यात अर्धवट जळालेले नारळ लोळायला लागले. किळसवाणं दृश्य होतं. माझे पाय आणि साडीचा काठ त्या राडीने भरला, आणि मला तेवढंही सोसवलं नाही. मी पलीकडच्या नळावर पाय धुवायला गेले. तिला तिथे एकटी सोडून.

परतले तेव्हा तिच्याभोवती कोंडाळं झालं होतं. सेक्रेटरींचा आवाज चढलेला. ती बौद्ध आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, एप्रिलमध्ये ती जयंतीची सुट्टी मागून घ्यायची त्यावरून. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, त्यांच्यात होळी नसते ना, त्यांना काय कळणार. कुणी त्याला टोकलं नाही. उलट दोघी-तिघींनी माना डोलावल्या. याच बायका दिवाळीला तिच्या हातावर फराळाचा डबा ठेवून फोटो काढतात.

"कुणी सांगितलं तुला हे?" सेक्रेटरींनी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा त्यांच्याकडे.

"कुणी नाही. खाली जळत होतं, इजवलं."

मी मूग गिळून उभी राहिले. कारण सांगते. मी विधवा आहे. विधवेने होळी विझवली, हे वाक्य मला तिथे उभ्याउभ्या आधीच ऐकू येत होतं, आणि मला त्याची भीती वाटली. चौसष्टाव्या वर्षी, स्वतःच्या घरात राहणाऱ्या, पेन्शन खाणाऱ्या बाईला.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला फोन गेला आणि तिचं काम सुटलं.

आठवड्याने चिखल धुता यावा म्हणून सुताराने फळ्या उचलल्या. तिने मागितली होती एक. आता सहा निघाल्या. खालचे दोन वासे अर्ध्यापर्यंत कोळसा झाले होते. सुतार म्हणाला, थोडक्यात वाचलात. सेक्रेटरींनी वाकून पाहिलं, हात जोडले आणि म्हणाले, "होळीमातेची कृपा."

तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. पाणी घालायला मी सांगितलं होतं, असं मी चौघांसमोर म्हणाले. तिला परत बोलवा म्हणाले. मला वाटलं होतं, काहीतरी होईल. सेक्रेटरी म्हणाले, जाऊ द्या मॅडम, आता कशाला, आणि तिच्या जागेवर दुसरी आलीय. माझ्यावर कुणी रागावलंसुद्धा नाही. ज्याला मी इतकी घाबरले होते ते एवढंच होतं. नव्या फळ्यांना त्याच दिवशी पॉलिश झालं.

तिला शोधायला मला महिना लागला. घाटकोपरला एका इमारतीत काम मिळालं होतं तिला, दोन बस बदलून. धाकट्या मुलीला शाळेत सोडणं आता जमत नाही म्हणाली. जिन्याखाली बसून डबा खात होती. मी माफी मागितली, तशी ती कानकोंडी झाली आणि मला बसायला पुठ्ठा सरकवला. मी न राहवून विचारलं, माझं नाव का नाही घेतलंस?

तिने डब्याचं झाकण लावलं.

"घेणारच होते, मॅडम. तोंडावर आलं होतं. मग तुमच्याकडं बघितलं."