नखाखालचं हिरवं

आमच्या शिरूर कासारच्या गल्लीत दूध सोसायटीतले एक कारकून राहतात. कुणाच्याही कुंडीतलं झाड ते पान चुरगाळून, वास घेऊन ओळखायचे आणि हक्कानं फांदी मागून न्यायचे. दुष्काळात पानंच उरली नाहीत, तेव्हा गल्लीतल्या बायका वाळक्या काड्या घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागल्या. ते नखानं साल खरवडायचे, काडी डोळ्यांजवळ धरायचे आणि म्हणायचे, "जास्वंद हाय. आतून हिरवी हाय. तांब्याभर पानी घाला."

माझ्या क्रोटनलाही तेच म्हणाले. नखाखालचं तपकिरी लाकूड मला स्वच्छ दिसलं होतं. तरी टँकरच्या पाण्यातला तांब्या मी महिनाभर त्या कुंडीत ओतला. राग त्यांचा यायचा, माझाही.

पुढे जनावरं विकली गेली, दूध थांबलं, सोसायटीला कुलूप लागलं. परवा त्यांनी मला अंगणात बोलावलं. तीसेक कुंड्या, सगळ्यांत नुसत्या काड्या. एकीची साल खरवडून त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"बाई, तुमी बघा जरा. मला चष्म्याबिगर दिसंना."

चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

"हिरवी आहे आतून," मी म्हणाले.

ते तांब्या आणायला घरात गेले.