सात सेकंदांची आई

ओव्हनमधलं भांडं कोरडं व्हायला अजून तासभर आहे. उज्ज्वला खुर्चीत मागे रेलते. टंचाईच्या दिवसांत सिन्नर-येवल्याकडच्या गावांतून पाण्याचे नमुने रविवारीही येतात, म्हणून प्रयोगशाळा उघडी आहे. दुपारचे अडीच वाजलेत. पंखा गरम हवाच ढवळतोय. बाहेर व्हरांड्यात शिपाई सोनवणे बाकावर आडवा पडून मोबाईल बघतोय. त्या मोबाईलमधून आधी ढोल वाजतो, मग कुणी बाई किंचाळते, आणि मग उज्ज्वलाची आई बोलते.

"हे जेवण नाही, ही शिक्षा आहे. गुन्हा तरी सांगा!"

सोनवणे खो खो हसतो. ही मॅडमची आई, हे त्याला ठाऊक नाही. उज्ज्वलाने ऑफिसात कुणालाच सांगितलेलं नाही.

आई जाऊन चौदा महिने झाले. किडनीच्या दुखण्यात डॉक्टरांनी तिचं मीठ तोडलं होतं आणि उज्ज्वला काट्यावर तोलून स्वयंपाक करायची. एका संध्याकाळी आईने अळणी खिचडीचा घास तोंडात घेतला, डोळे बारीक केले आणि हे वाक्य टाकलं. मोबाईल उज्ज्वलाच्याच हातात होता. आई त्यापुढेही काहीतरी बोलली होती, पण उज्ज्वलाला असं हसू फुटलं की मोबाईल हलला. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकताना तिने तो हललेला भाग कापला, बोट दाबलं, आणि कापलेला व्हिडिओ मूळ व्हिडिओवरच चढला, मूळ पुसला गेला. वीस वर्षं प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग अहवाल निघेपर्यंत सीलबंद राखून ठेवणारी ही बाई. तिने हा एकच नमुना राखला नाही.

आई गेल्यावर भाची ईश्वरीने आजीची आठवण म्हणून ते सात सेकंद नेटवर टाकले. आजवर चार लाख लोकांनी त्या आवाजावर आपापले ओठ हलवून व्हिडिओ टाकलेत. जग तिला 'शिक्षामावशी' म्हणतं.

व्हरांड्यात वाक्य पुन्हा वाजतं. उज्ज्वलाच्या पापण्या जड होतात. वाक्य तिसऱ्यांदा वाजतं, तेव्हा ते व्हरांड्यातून येत नाही.

आई समोरच्या ओट्याशी बसली आहे. काचेच्या पिपेटांच्या स्टँडशेजारी तिचं ताट आहे. अंगावर चॉकलेटी सुती साडी, डाव्या कोपरापाशी डायलिसिसच्या सुईने आलेली गाठ.

"काय गं उज्जू, वाळलीस केवढी," आई म्हणते. आवाज मात्र विशीतल्या कुठल्यातरी मुलाचा आहे.

"आई, तुझा आवाज?"

"गेलाय लोकांकडे. मला ज्याचा मिळेल त्याचा घेते. मघाशी एका नवरीचा मिळाला होता, गोड होता हो. हा मेला पानाच्या टपरीवरचा दिसतोय."

उज्ज्वलाला हसू येतं आणि ती ते ओठांतच आवरते. हसण्याची तिला आता भीती वाटते.

ओटा लांबतो. लांबत लांबत तो डायलिसिस विभागाबाहेरचा पॅसेज होतो. तिथे त्या दोघी आठवड्यातून दोनदा बसायच्या, तीच हिरवी फरशी, तोच फिनेलचा वास. पण बाकांवर पेशंट नाहीत. रांग लागली आहे. शालू नेसलेली नवरी, टाय लावलेला पोरगा, ट्रॅफिकचा हवालदार, टॉवेलमध्ये ओलं कुत्रं गुंडाळून उभी असलेली बाई. प्रत्येकाचा एक हात पुढे ताणलेला, हातात मोबाईल, आणि नजर त्यातल्या स्वतःच्याच तोंडावर. सगळ्यांचे ओठ एकदम हलतात आणि एकदम थांबतात. रांगेचं टोक दिसत नाही.

"हे सगळे आजारी आहेत?" आई विचारते. आता आवाज एका पोक्त बाईचा आहे.

"नाही."

"मग कशासाठी थांबलेत?"

"तुझं वाक्य म्हणायला."

आई रांगेकडे नीट बघते. "म्हणजे यांचंही मीठ तोडलंय?"

"नाही गं. यांना सगळं खाता येतं."

"मग यांना शिक्षा कसली?"

उज्ज्वला उत्तर शोधते. तिला अंदाजाने बोलायची सवय नाही. "त्या पोराला सोमवारी ऑफिसात जावंसं वाटत नाही. त्या नवरीला... मला वाटतं, तिला ते लग्नच नको असेल. पण तसं स्वतःच्या तोंडाने म्हटलं तर कुणीतरी विचारेल, काय झालं? तुझ्या आवाजात म्हटलं की गंमत होते. गंमत झाली की लोक हसतात आणि पुढे सरकतात. कुणाला थांबावं लागत नाही."

"आणि हिला कुणी थांबायला नको?"

"हवंय. म्हणून तर ती रोज टाकते."

आई तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत नवरीपाशी पोचलेली असते. तिची हनुवटी धरून विचारते, "काय झालं बाळ?"

नवरीचे डोळे भरतात. ती तोंड उघडते. "हे जेवण नाही," ती आईच्याच आवाजात म्हणते, "ही शिक्षा आहे. गुन्हा तरी सांगा!" मग ओठ मिटतात आणि पुन्हा पहिल्यापासून हलतात. आई वाट बघते. तिसऱ्या खेपेला हनुवटी सोडते.

"हिच्याकडे दुसरं काही नाहीच का गं?"

"असेल. ते कुणी ऐकत नाही म्हणून राहून गेलं असेल."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू किती वेळा ऐकतेस मला?"

उज्ज्वला खरं ते सांगते. सकाळी चहाबरोबर, दुपारी डबा उघडताना, झोपायच्या आधी. आकडा वाढलाय का तेही बघते. लोक लिहितात की मावशी अमर झाल्या, आणि तिला बरं वाटतं. एवढं सांगून ती थांबते. पुढचं तिने अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

"मला तुझं दुसरं काही आठवत नाही, आई. जिन्यावरून हाक मारायचीस ती आठवत नाही. रागवायचीस ते आठवत नाही. आठवायला गेले की तेच ऐकू येतं, गुन्हा तरी सांगा. आठवण जितक्यांदा बाहेर काढावी तितक्यांदा ती थोडी बदलून परत आत जाते, हे मला माहीत होतं. मला माहीत होतं, तरी मी एकच काढत राहिले."

"अगं, शिकलेली बाई तू."

"आई, पुढे काय म्हणाली होतीस?"

"केव्हा?"

"आठव्या सेकंदाला. मी कापलं ते."

आई तिच्याकडे बघते. चेहरा सगळा तिचाच आहे, उजव्या भुवईतला तीळसुद्धा. "तुला नाही ऐकू आलं?"

"मी हसत होते."

"मग मी कुठून सांगू, बाळ? मी तुझ्याच डोक्यातून आलेय ना? तिथे जे नाही ते माझ्याजवळ कुठून असणार?"

बोलता बोलता ती आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आहे. तीच संध्याकाळ. खिचडीवर वाफ आहे, खिडकीत रॉकेलच्या दिव्यासारखा पिवळा उजेड आहे आणि खिडकीबाहेर ती रांग आहे, काचेला नाकं लावून. आई घास घेते, डोळे बारीक करते, वाक्य म्हणते. हा आवाज तिचा स्वतःचा, थोडा घोगरा. उज्ज्वला दोन्ही हातांनी तोंड दाबून धरते. मोबाईल हलत नाही.

आठवा सेकंद येतो. आईचे ओठ हलतात.

आवाज नाही.

उज्ज्वला टेबलावर वाकते, ओठांपाशी कान नेते. ऊब लागते, शब्द लागत नाही. ती मान वळवून खिडकीकडे बघते. ही चार लाख माणसं ओठ जुळवण्यात तयार झालेली. एकाला तरी कळेल. पण काचेपलीकडे सगळी तोंडं सातव्या सेकंदाला मिटलेली आहेत.

आईचे ओठ अजून हलताहेत. सावकाश, काही मागत असल्यासारखे. उज्ज्वला काय मागणं असेल ते जाणते. निदान चौदा महिने तिला ज्याची धास्ती आहे तेच ते असणार. काट्याशेजारी प्रयोगशाळेतली मिठाची बाटली आहे. ती झाकण काढते. तोलत नाही. चिमूट भरते आणि आईच्या जिभेवर ठेवते.

आई डोळे मिटते. तिचा चेहरा सैल पडतो, भूक भागलेल्या माणसाचा पडतो तसा.

आणि कुणीतरी मोठ्याने हसतं.

सोनवणे हसतोय. तो दारात उभा आहे. "मॅडम, ओव्हन केव्हाचा वाजतोय. डोळा लागला वाटतं?"

उज्ज्वला सरळ बसते. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना घट्ट चिकटलेली आहेत. ती उजेडात धरून बघते. मध्ये पांढरे कण आहेत, कोरडे, चौकोनी. सकाळी तिने मिठाचं द्रावण केलं होतं, हे खरं. त्यानंतर जेवायच्या आधी साबणाने हात धुतले, हेही खरं. बाटली समोरच्या कपाटात आहे. कपाटाला कुलूप आहे.

"तुम्ही मोबाईल बघत नाही, तुम्हाला काय सांगायचं," सोनवणे जवळ येत म्हणतो, "पण हे बघाच. शिक्षामावशी. एका पठ्ठ्याने एआयवर तिला पुढचं बोलायला लावलंय. हुबेहूब!"

ती नको म्हणेपर्यंत त्याने बोट दाबलेलं असतं. घास, बारीक झालेले डोळे, गुन्हा तरी सांगा. आणि मग, मोबाईल जराही न हलता, आठवा सेकंद.

"पोरगी सायन्स शिकली, पण मिठाचा डबा काही सापडेना!"

आवाज आईचा आहे. थोडा घोगरा. शेवटच्या शब्दाआधी ती घ्यायची तो छोटा श्वासही त्यात आहे. हा श्वास उज्ज्वला विसरली होती.

"जिवंत असल्यासारखी वाटते ना?" सोनवणे म्हणतो.

उज्ज्वला ताडून बघू पाहते. आई असं म्हणाली असेल? म्हणाली नसेल? ताडायला काही उरलेलं नाही. ओठ तसेच हलताहेत, आणि आता त्यांना शब्द आहेत. स्वप्नातले ते मुके ओठ तिला आठवतात, आणि आठवता आठवताच तेही हे वाक्य बोलू लागतात.

"बंद करू का, मॅडम?"

ओव्हन वाजतोच आहे. ती उठत नाही.

"परत लावा," ती म्हणते.

सोनवणे परत लावतो. उज्ज्वला ऐकते. उजव्या हाताची चिमूट तिने अजून सोडलेली नाही.