राजाबाईनं बंद केलेली वाट

मष्णूचा पाय गेला त्या दुपारी आभाळात ढग नव्हता की वारा नव्हता. डेअरीवर दूध घालून, रिकामी किटली हातात घेऊन तो कड्याखालच्या वाटेनं घरी येत होता. वर काहीतरी खडखडलं. त्यानं मान वर करून बघेपर्यंत उखळाएवढा दगड घरंगळत येऊन त्याच्या पायावर आदळला. बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला, तेव्हा कुठं जीव वाचला.

कातळेवाडी ही खानापूर तालुक्यातली जंगलाच्या कडेची वस्ती. मागं उभा काळा कडा, पुढं भाताची शेतं. बसच्या थांब्याला, शाळेला, डेअरीला जायचं तर कड्याच्या पायथ्याची ती एकच वाट. दगड पडण्याची सगळ्यांना सवय होती. कुणी म्हणालं, वर वानरं असतील. कुणी म्हणालं, देवाचा कोप.

मष्णूची बायको राजाबाई ते नुसतं ऐकून घेई. एक दिवस मात्र ती बोललीच, "देवाला ह्यांचा पाय कशाला पायजे? पाऊस न्हाय, वारं न्हाय, मग दगूड सुटला कसा? मला त्ये कळाय पायजे."

ती सातवीपर्यंत शिकलेली, पन्नाशीला आलेली बाई. एकदा एखादी गोष्ट मनात घेतली की सोडायची नाही, हे तिच्या माहेरच्यांनाही ठाऊक होतं. तिची भाची पूर्णिमा बेळगावात कॉलेजला होती. तिच्याकडून राजाबाईला कळलं, की तिथं दगडांचा अभ्यास शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत. नवऱ्याला दवाखान्यातून घरी आणल्यावर आठवडाभरात राजाबाई एकटीच बेळगावला गेली आणि कॉलेजच्या दारात उभी राहिली.

अनुराधा मॅडम निपाणीच्या जैन घरातल्या. बोलायला साध्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी खरोखरच कातळेवाडीला आल्या. दिवसभर त्या कड्यावर फिरल्या, दुर्बिणीनं बघितलं. संध्याकाळी राजाबाईच्या अंगणात चहा घेताना त्या म्हणाल्या, "मावशी, लांबून हा कडा सबंध वाटतो, पण त्यात चिरा आहेत. निसर्गानंच घातलेल्या, फार जुन्या. कुठला दगड सुटणार आणि केवढा सुटणार, हे बरंचसं त्या चिराच ठरवतात."

"त्या कशा ठरवत्यात?"

"एक चीर कड्याला समांतर उभी आहे. भाकरी फुगली की पापुद्रा सुटतो ना, तसा बाहेरचा थर मागच्या कातळापासून सुटतोय. दुसरी तिला आडवी छेदून जाते. दोन चिरा भेटल्या की मधला तुकडा मोकळा होतो. आडवी चीर डोंगराच्या आत उतरत असती, तर तो तुकडा तिथंच बसून राहिला असता. इथं ती वाटेकडं उतरतेय."

"मग पाऊस नसताना का पडला?"

"चिरेत पाणी साठलं की ते ढकलतं, झाडाची मुळं फाकवतात. पण ऊनसुद्धा काम करतं. दिवसा बाहेरचा थर तापून फुगतो, रात्री आवळतो. रोज केसभर चीर उघडते. एक दिवस धरून ठेवणारं काही उरत नाही."

राजाबाईनं अंधारत चाललेल्या कड्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत तिला तिथं चिरा कधी दिसल्याच नव्हत्या. आता दुसरं काही दिसेना.

मॅडमनी तिला एक उपाय शिकवला. बाजूनं चढून हात पोचेल अशा जागी चिरेवर सिमेंटचे आडवे पट्टे ओढायचे. पट्टा तडकला, की दगड हलला असं समजायचं. राजाबाई दर दोन-चार दिवसांनी चढून पट्टे बघू लागली. बायका हसायच्या, "राजाक्का कड्याला पट्ट्या बांधाय गेली." ती हसण्यावारी न्यायची.

पुढच्या पावसाळ्यात, रोपलागण झाल्यावर, मोठ्या चिरेवरचा पट्टा मधोमध तडकलेला तिला दिसला. तडकलेल्या जागी नख शिरत होतं. ती तशीच भिजत खाली आली, मॅडमना फोन केला आणि मग करवंदीच्या जाळ्या तोडून वाटेच्या दोन्ही तोंडांना टाकल्या.

गाव खवळलं. पंचायतीचा मेंबर भावकूआप्पा देवळापुढं सगळ्यांदेखत म्हणाला, "वाट काय तुझ्या बाची हाय? पोरांनी शाळंला जायाचं कुठनं? नदीकडनं वळसा घालून?"

हे मात्र खरं होतं. नदीकडचा वळसा लांबचा, आणि जवळून जायचं तर राजाबाईच्याच शेतातून, उभ्या भातातून. राजाबाई घरी आली आणि मष्णूजवळ बसली.

"आपल्या शेताच्या कडंनं वाट द्यावी म्हंते."

मष्णू भडकला. "माझा पाय गेला, आता शेतबी घाल! आणि कुणासाठी? दवाखान्यात बघाय तरी आलतं का कोण?"

"आलतं न्हाय आलतं, त्ये सोडा. उद्या दुसऱ्या कुणाच्या घरात तुमच्यावानी माणूस आलं, तर मला घास जाईल का?"

मष्णू भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. सकाळी कुबडी घेऊन तो आपणहून शेताकडं निघाला. बांधावर बसून त्यानं राजाबाईला कुठून कुठवर भात काढायचं ते दाखवलं. "सरळ काढ," म्हणाला. "वाकडी वाट मला चालाय जमायची न्हाय."

हिरवंगार भात उपटताना राजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात थांबला नाही.

पावसाळा सरला. दगड पडला नाही. दिवाळी झाली, सुगी झाली, तरी नाही. लोक जाळ्या बाजूला सारून जुन्या वाटेनं जाऊ लागले. राजाबाई पुन्हा जाळ्या लावायची. पुन्हा कुणीतरी काढायचं. चीर वाढतच होती. आधी नख शिरायचं, आता बोट शिरत होतं.

उन्हाळ्यात भावकूआप्पाच्या मुलीचं लग्न निघालं. पाहुणे बेळगावजवळच्या मच्छ्याहून येणार होते. पाहुण्यांना शेतातून फिरवून आणायची आप्पाला लाज वाटत होती. सकाळीच तो जाळ्या काढायला आला, तर वाटेच्या तोंडाला राजाबाई उभी.

"राजाक्का, आज तरी बाजूला हो. शुभकार्य हाय."

"म्हणूनच उभी हाय, आप्पा."

"वरीस झालं, दगूड पडतो म्हंतीस. पडला का?"

"न्हाय पडला. पडलाच तर पाहुण्यांवर नको. मला ढकलून जायाचं असंल तर जावा."

बाईमाणसाला हात कोण लावणार? पाहुणे कुरकुरत शेतातून आले, नवऱ्या मुलाच्या नव्या चपला मातीनं भरल्या. त्या दिवशी कड्यावरून खडासुद्धा पडला नाही. मांडवात राजाबाईवरून हशा पिकला. ती जेवायला गेली होती. ताटावरून उठली नाही, शांतपणे जेवून घरी आली. घरी आल्यावर मात्र मष्णूला म्हणाली, "माझं चुकत तर नसंल?" मष्णू म्हणाला, "चुकू दे की. चुकलं तर हसत्यात. बरोबर ठरलं तर काय हुतंय, त्ये माझ्याकडं बघ."

लग्नानंतर काही दिवसांनी, ऐन उन्हाच्या वेळी, डोंगर फाटल्यासारखा आवाज झाला. वाडीवर धूळ आली. लोक धावले. कड्याचा एक थर, घराच्या भिंतीएवढा, त्या उभ्या चिरेपासून सुटला होता आणि आडव्या चिरेवरून घसरून खाली फुटला होता. जुनी वाट शिळांखाली गाडली गेली होती. वाटेवर कुणीच नव्हतं. गुरंसुद्धा नव्हती.

राजाबाई तिथं पोचली आणि वर उघड्या पडलेल्या कातळाकडं बघत बसली. बाया तिच्याभोवती जमल्या.

संध्याकाळी भावकूआप्पा तिच्या घरी आला. उंबऱ्याशी बसला. मग म्हणाला, "आक्का, नवी वाट पंचायतीतनं पक्की करून घेतो. तुझ्या जमिनीच्या बदल्यात गायरानातली जमीन मिळाय पायजे, त्येबी मांडतो."

"त्ये बघा मागनं," राजाबाई म्हणाली. "आदी मॅडमना बोलवू या. थर सुटलाय, आता मागचा कातळ उघडा पडलाय. त्यातल्या चिरा कुणीकडं उतरत्यात, त्ये बघाय पायजे."

"कवा बोलवूया?"

"ह्याच रविवारी. आणि आप्पा, तुमीबी वर चढायचं."